चौथे पद कोणाचे? : समसंबंधाचे प्रश्न, उपमेचे शास्त्र आणि मावळची शब्दसृष्टी

सारांश

शालेय स्पर्धा परीक्षांतील बुद्धिमत्ता चाचणीत 'समसंबंध' हा प्रश्नप्रकार दीर्घकाळ रूढ आहे. तीन पदे देऊन चौथे पद शोधावयास लावणारा हा शब्दखेळ वरवर पाहता भाषेपलीकडच्या तर्कशक्तीची परीक्षा घेतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नप्रकाराकडे एक वाङ्मयीन रचना म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. उपमा, दृष्टान्त, कोडे आणि उखाणा या परंपरागत रचनांशी त्याची तुलना केली असून पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा परिसरातील शब्द आणि स्थलनामे यांच्या आधारे त्याच्या मर्यादा तपासल्या आहेत. परंपरेतील रिकामी जागा संबंध उलगडण्यासाठी असते, चाचणीतील रिकामी जागा मात्र संबंध गृहीत धरून केवळ शब्द मागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : समसंबंध, साधर्म्य, लुप्तोपमा, दार्ष्टान्तिक, कोडे, उखाणा, मावळ.

१. प्रस्तावना

'गाय : वासरू :: घोडा : ?' महाराष्ट्रात प्राथमिक शाळेत शिकलेल्या बहुतेक वाचकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतली जाणारी शिष्यवृत्ती परीक्षा अनेक वर्षे चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. २०१६-१७ या शैक्षणिक वर्षी ती पाचवी व आठवीकडे नेण्यात आली. इयत्ता बदलली तरी बुद्धिमत्ता चाचणीतील वर्गीकरण, समसंबंध, क्रम ओळखणे, सांकेतिक भाषा हे घटक विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे राहिले आहेत. या घटकांभोवती मार्गदर्शिका, सराव प्रश्नपत्रिका आणि जादा तासिका यांचे एक स्वतंत्र विश्व उभे राहिले आहे.

समसंबंधाच्या प्रश्नाचा विचार आजवर मुख्यत्वे मानसशास्त्राच्या व मूल्यमापनाच्या अंगाने झाला. मराठीच्या अध्यापकांनी मात्र तो आपला विषय मानलेला दिसत नाही. वस्तुतः हा प्रश्न शब्दांनी बनलेला आहे, साधर्म्यावर उभा आहे आणि वाचणाऱ्याकडून पूर्ततेची अपेक्षा करतो. या तिन्ही गोष्टी साहित्यविचाराच्या कक्षेत येतात. म्हणून या रचनेची समीक्षा करणे हे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे, अशी या निबंधामागील भूमिका आहे.

२. शास्त्रातील रिकामी जागा

भारतीय काव्यशास्त्रात उपमेची चार अंगे सांगितली आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. चारही उपस्थित असतील तर ती पूर्णोपमा आणि एक वा अधिक अंगांचा लोप झाला असेल तर ती लुप्तोपमा. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लुप्तोपमेचे १९ भेद मांडले. पूर्णोपमेचे भेद केवळ सहाच आहेत, ही बाब लक्षणीय आहे. जेथे काहीतरी गाळलेले आहे तेथे प्रकार वाढतात, कारण कोणते अंग गाळले आहे यावर अर्थाची घडण अवलंबून असते. 'मुख चंद्रासारखे सुंदर' यातील 'सुंदर' काढले की वाचकाने सौंदर्य भरावे की शीतलता, आल्हाद भरावा की दूरत्व, हा अवकाश खुला होतो. अंगाचा लोप येथे काव्याच्या बाजूने काम करतो.

तथापि उपमा आणि समसंबंध यांत एक महत्त्वाचा भेद आहे. उपमेत दोन वस्तूंना समान असलेला धर्म असतो. समसंबंधात दोन जोड्यांना समान असलेला संबंध असतो. गाय आणि घोडा यांच्यात साम्य आहे की नाही हा प्रश्न तेथे गौण आहे. गाय-वासरू आणि घोडा-शिंगरू यांच्यातील नाते एक आहे, एवढेच पुरेसे होते. या अर्थाने समसंबंध हा उपमेपेक्षा दृष्टान्त अलंकाराला जवळचा आहे, कारण तेथे दोन वाक्यांत बिंबप्रतिबिंबभाव असतो.

मराठीला दृष्टान्ताची परंपरा अत्यंत प्राचीन आहे. महानुभाव पंथातील केसोबासांनी सिद्ध केलेल्या 'दृष्टान्तपाठा'त ११४ दृष्टान्त आहेत आणि त्यांची मांडणी सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशी त्रिपदी आहे. यातील दार्ष्टान्तिक हा भाग आपल्या दृष्टीने मोलाचा आहे. दृष्टान्तातील कोणते पद सूत्रातील कोणत्या पदाशी जुळते आणि का जुळते, हे तेथे स्पष्ट केलेले असते. श्रोत्याला केवळ जोडी देऊन सोडून दिलेले नाही, जोडीमागचे नाते उच्चारले आहे. आद्य मराठी गद्यानेच साधर्म्याचे अध्यापन कसे करावे याचा हा वस्तुपाठ घालून दिला आहे.

न्यायदर्शनाने तर उपमान हे स्वतंत्र प्रमाण मानले. ज्याने गवा पाहिलेला नाही त्याला सांगितले जाते की गवा गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दिसला की 'गवा तो हाच' हे ज्ञान त्याला होते. राधानगरीच्या रानात आजही हा प्रसंग घडू शकतो. परंतु या प्रमाणाची एक अट आहे : ज्याच्याशी साम्य दाखवायचे ती वस्तू आधी प्रसिद्ध, म्हणजे परिचित असली पाहिजे. ज्याने गाय पाहिलेली नाही त्याला गव्याचे ज्ञान उपमानाने होणार नाही, आणि यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. 'प्रसिद्ध' हा शब्द ऐकला की विचारले पाहिजे : कोणाला प्रसिद्ध? पुढील सर्व विवेचन या प्रश्नाभोवती फिरते.

पाश्चात्त्य परंपरेत अ‍ॅरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये चार पदांच्या प्रमाणावर आधारलेले रूपक वर्णिले. आयुष्याला म्हातारपण तसे दिवसाला संध्याकाळ, म्हणून म्हातारपणाला आयुष्याची संध्याकाळ म्हणता येते. याच विवेचनात तो असेही नोंदवतो की काही वेळा प्रमाणातील एखाद्या पदाला भाषेत शब्दच नसतो, तरीही रूपक होऊ शकते. धान्य विखुरण्याला पेरणे म्हणतात. सूर्याच्या प्रकाश विखुरण्याला स्वतंत्र शब्द नाही, म्हणून कवी त्यालाही पेरणे म्हणतो. येथे रिकामी जागा प्रश्नपत्रिकेत नाही, भाषेतच आहे. साधर्म्य ती भरून काढते आणि भाषा वाढते.

३. लोकपरंपरेतील रिकामी जागा

लोकसाहित्यात रिकामी जागा भरण्याचे खेळ विपुल आहेत. कोडे, उखाणा, हुमाण, आहणा अशी त्यांची नावे प्रांतपरत्वे बदलतात. जुन्या मराठीत उखाणा हा शब्द कोड्यासाठीही वापरला जाई. आज तो प्रामुख्याने नाव घेण्याच्या प्रथेशी जोडला गेला आहे. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने जे संकलन केले त्यामुळे या सामग्रीकडे अभ्यासकांचे लक्ष वळले.

कोड्यात उपमेय झाकलेले असते. नमुन्यादाखल एक कोडे रचून पाहू : 'पाण्यात जन्मतो, उन्हात वाळतो, पाण्यात जाऊन पुन्हा फुलतो.' मावळात याचे उत्तर तांदूळ असे येईल. कोणी मीठ असे म्हणेल. मिठागरात मीठ पाण्यातून येते आणि उन्हात वाळते हे खरे, परंतु पाण्यात ते विरघळते, फुलत नाही. असे सांगताच ऐकणारा थांबतो आणि पुन्हा विचार करतो. चुकलेले उत्तरही येथे वाया जात नाही. ते का चुकले हे त्याच बैठकीत कळते, आणि कधी कधी नवे उत्तर मूळ उत्तराइतकेच चपखल ठरून मान्यही होते. कोडे घालणारा आणि सोडवणारा समोरासमोर असतात, हा या खेळाचा प्राण आहे.

नाव घेण्याच्या उखाण्यात याच्या उलट घडते. 'लोहगडाच्या पायथ्याशी भाताची हिरवी शेतं, ____रावांचं नाव सर्वांच्या आग्रहाने घेते' अशी रचना केली तर रिकाम्या जागेतील शब्द सर्वांना आधीच ठाऊक असतो. तेथे कुतूहल उत्तराविषयी नसते, उत्तरापर्यंत नेणाऱ्या वाटेविषयी असते. लोहगडाचा आणि पतीच्या नावाचा तार्किक संबंध काहीच नाही. यमक, प्रसंग आणि परिसर यांनी तो जुळवून आणलेला असतो. उत्तर एकच आणि वाटा अनंत, असे या खेळाचे स्वरूप आहे.

थोडक्यात, कोड्यात उपमेय रिकामे असते, उखाण्यात नाव रिकामे असूनही ज्ञात असते आणि लुप्तोपमेत धर्म किंवा वाचक शब्द रिकामा असतो. तिन्ही ठिकाणी वाचक वा श्रोता संबंधाच्या निर्मितीत सहभागी होतो.

४. चाचणीतील रिकामी जागा

मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन याने १९२३ मध्ये बुद्धीच्या व्यापाराचे विवेचन करताना दोन क्रिया वेगळ्या केल्या : दोन पदांतील संबंध शोधणे आणि तो संबंध तिसऱ्या पदाला लावून त्याचे जोडपद शोधणे. समसंबंधाच्या प्रश्नात या दोन्ही क्रिया अपेक्षित आहेत. परंतु गुण मिळतात ते केवळ दुसऱ्या क्रियेच्या फलाला. विद्यार्थ्याने कोणता संबंध मनात धरला हे उत्तरपत्रिकेवर कोठेही उमटत नाही. दार्ष्टान्तिक गाळून केवळ दृष्टान्त तपासावा तसा हा प्रकार आहे.

याचा परिणाम अध्यापनावर झाला आहे. मार्गदर्शिकांत संबंधांचे प्रकार तक्त्यांत मांडलेले असतात : प्राणी व पिल्लू, प्राणी व आवाज, प्राणी व निवारा, वस्तू व समूह. शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, म्हशीचे रेडकू. घोड्याचे खिंकाळणे, वाघाची डरकाळी, मोराचा केकारव. कोंबडीचे खुराडे, मधमाशीचे पोळे. द्राक्षांचा घड, किल्ल्यांचा जुडगा. ही मराठीची खरी श्रीमंती आहे, यात शंका नाही. इतके नेमके शब्द मुलांना परीक्षेच्या निमित्ताने का होईना भेटतात, हे या प्रश्नप्रकाराचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु तक्ता पाठ झाला की साधर्म्याचा शोध संपतो. 'घोडा' दिसला की 'शिंगरू' लिहायचे, ही स्मरणाची क्रिया आहे आणि तिला आपण बुद्धिमत्ता म्हणत आहोत.

५. मावळची साक्ष

या मर्यादेची जाणीव एखाद्या विशिष्ट भूप्रदेशाच्या शब्दसृष्टीतून अधिक स्पष्ट होते. लोणावळा-खंडाळ्याजवळ कुरवंडे गावाच्या बाजूस कोकणात झेपावणारा एक उंच कडा आहे. स्थानिक लोक त्याला नागफणी म्हणतात. इंग्रजांनी त्याला 'ड्यूक्स नोज' हे नाव दिले. १८०३ च्या असईच्या लढाईने महाराष्ट्राच्या इतिहासात आलेला आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि त्याच्या नाकाची ठेवण प्रसिद्ध होती. आता 'डोंगर : कडा' या जोडीपुढे काय लिहावे? एका डोळ्याला तेथे 'नाग : फणा' दिसले, दुसऱ्याला 'चेहरा : नाक' दिसले. दोन्ही उत्तरांत संबंध एकच आहे, उभारून पुढे आलेल्या अवयवाचा. दोन्ही बरोबर आहेत. फरक आहे तो पाहणाऱ्याला काय प्रसिद्ध होते याचा. उत्तरसूचीत मात्र एकच उत्तर छापता येते आणि ते कोणाचे छापले जाते हा प्रश्न बुद्धीचा राहत नाही. याच परिसरात लोहगडाच्या लांबट चिंचोळ्या माचीला विंचूकाटा म्हणतात. गडाच्या देहाला विंचवाची नांगी जोडणारी ही कल्पना ज्याने प्रथम केली त्याने चौथे पद भरलेच, पण त्याआधी प्रश्नही त्यानेच रचला.

शब्दांच्या बाबतीतही हेच घडते. 'मुंगी : वारूळ :: साप : ?' असा प्रश्न घेऊ. अपेक्षित उत्तर बीळ. परंतु नागपंचमीला वारुळाची पूजा पाहिलेल्या मुलाच्या मनात वारूळ हेच नागाचे घर असते. शिवाय वारूळ रचते ती वाळवी, आणि साप तेथे आयता राहतो, हेही रानात वावरणाऱ्या मुलाला ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने पहिली जोडीच सदोष आहे. येथे अधिक जाणणारा मुलगा अडखळतो आणि तक्ता पाठ असणारा पुढे जातो.

'पाऊस : छत्री' ही जोडीही अशीच आहे. भाताच्या खाचरात वाकून लावणी करणाऱ्या स्त्रीला छत्रीचा उपयोग नाही, कारण तिचे दोन्ही हात रोपांत गुंतलेले असतात. तिच्यासाठी इरले असे, पाठ झाकणारे आणि हात मोकळे ठेवणारे. आता त्याची जागा बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. छत्री आणि इरले ही दोन्ही पावसापासूनच राखतात. परंतु छत्री चालणाऱ्याची आहे आणि इरले राबणाऱ्याचे. राब, खाचर, लावणी, झोडणी, कणगी या शब्दांची जर समसंबंधाची प्रश्नपत्रिका काढली तर मावळातील शेतकऱ्याचे मूल ती सहज सोडवील आणि शहरातील हुशार मूल गोंधळेल. त्यावरून आपण शहरातील मुलाला मंदबुद्धी ठरवणार नाही. उलट दिशेने मात्र तसा निष्कर्ष सहज निघतो. 'आगगाडी : फलाट :: विमान : ?' या प्रश्नात घरातून मिळालेल्या ज्ञानाचा जो वाटा आहे तो कातकरी वा ठाकर वस्तीवरील मुलाच्या वाट्याला आलेलाच नसतो. विमानतळ आणि धावपट्टी यांतील निवड करण्याआधी विमानतळ कसा असतो हे ठाऊक असावे लागते.

साधर्म्याची साखळी जेथे तुटते तेथे ज्ञान अधिक मिळते, हेही मावळच दाखवून देतो. पवना नदीवरून पवन मावळ, आंद्रा नदीवरून आंदर मावळ. मग नाणे मावळ कोणत्या नदीवरून? हे नाव नदीचे नसून नाणे गावाचे आहे. तिसऱ्या ठिकाणी नियम मोडला म्हणून स्थलनामांची चौकशी सुरू होते. त्याचप्रमाणे 'इंद्रायणी' हा शब्द आळंदीच्या ओळीत ठेवला तर नदी ठरतो आणि आंबेमोहोराच्या ओळीत ठेवला तर वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेले भाताचे वाण ठरतो. एकच शब्द दोन संबंधांत नांदतो. वर्गात हे चर्चेला आले तर ती भाषेची उत्तम तासिका होईल. परीक्षेत आले तर तो 'संदिग्ध प्रश्न' म्हणून रद्द होईल.

६. अन्यत्रचा अनुभव

हा पेच केवळ आपला नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेत शाब्दिक समसंबंधाचे प्रश्न दीर्घकाळ होते. धावपटूला जशी मॅरेथॉन तशी वल्हेकऱ्याला रेगाटा, अशा आशयाचा एक प्रश्न तेथील टीकाकारांनी वारंवार उद्धृत केला. रेगाटा म्हणजे नौकांची शर्यत. ती पाहण्याची संधी ज्या वर्गाला होती त्याला उत्तर सोपे होते. २००५ मध्ये हे प्रश्न त्या परीक्षेतून वगळण्यात आले. पदव्युत्तर प्रवेशाच्या 'जीआरई'मधूनही ते २०११ मध्ये गेले. वगळण्याने पक्षपाताचे एक दार बंद झाले असेल, परंतु त्याबरोबर शब्दांतील नाती पाहण्याचा एक सरावही शाळांतून गेला.

दुसरीकडे हाच खेळ यंत्रांना शिकवला जात आहे. २०१३ मध्ये शब्दांना संख्यांच्या रूपात मांडणारी पद्धत पुढे आली आणि राजा, पुरुष, स्त्री ही पदे दिल्यावर यंत्र राणी हे पद काढते, हे उदाहरण सर्वतोमुखी झाले. २०१८ नंतर वाक्यातील शब्द झाकून तो ओळखायला लावणे ही भाषायंत्रे घडवण्याची एक प्रमुख रीत ठरली. ही यंत्रे जो शब्द भरतात तो ज्या मजकुरावर ती घडली त्यात वारंवार आलेल्या संगतीवरून. जो शब्द लिखित मजकुरात विरळ, तो यंत्राच्या दृष्टीने विरळच राहणार. इरले आणि कणगी यांच्यासारख्या शब्दांचे भवितव्य काय, याची चिंता यामुळे केवळ स्मरणरंजनाची राहत नाही. पाठ केलेला तक्ता यंत्र माणसापेक्षा चांगला भरते. तेव्हा माणसाने संबंध सांगण्याची कला जपली पाहिजे.

७. वस्तुनिष्ठतेचा आक्षेप

या सर्व विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. मोठ्या संख्येने विद्यार्थी बसतात त्या परीक्षेत एकच उत्तरसूची असणे अपरिहार्य आहे. इतकेच नव्हे, तर ती गरीब विद्यार्थ्याचे संरक्षणही करते. उत्तर मान्य करण्याचा अधिकार परीक्षकाच्या मर्जीवर सोपवला तर घराणे, बोली आणि ओळख यांना वाव मिळेल. गावातील शाळेतून शिष्यवृत्ती मिळवून पुढे गेलेल्या पिढ्यांनी या वस्तुनिष्ठतेचा लाभ घेतला आहे. हा आक्षेप हलकेपणाने बाजूस सारता येणार नाही.

पर्यायांत एकेका शब्दाऐवजी संपूर्ण जोड्या द्याव्यात असे सुचवता येईल, जेणेकरून विद्यार्थ्याला आधी संबंध ठरवावा लागेल. परंतु रेगाटाचा प्रश्नही जोड्यांचाच होता. तेव्हा केवळ स्वरूप बदलून भागणार नाही. पदे कोणाच्या जगातून निवडली जातात हे तपासावे लागेल. प्रश्नपत्रिकेत शेत, रान, कारखाना आणि शहर यांतील पदांचे संतुलन राखणे, तसेच जाणकार विद्यार्थ्याला दुसरे उत्तर सुचू शकते असे प्रश्न पूर्वतपासणीत गाळणे, या गोष्टी उत्तरसूची एकच ठेवूनही शक्य आहेत.

वर्गावर मात्र परीक्षेचे कोणतेही बंधन नाही. तेथे तीन साध्या गोष्टी करता येतील. एक, प्रत्येक उत्तराबरोबर विद्यार्थ्याने संबंध एका वाक्यात सांगावा. दोन, भिन्न उत्तर आले तर ते कोड्याच्या रीतीने तपासावे, म्हणजे कोठे जुळते आणि कोठे तुटते ते दाखवावे. तीन, विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील शब्दांवरून स्वतः प्रश्न रचावेत. महाविद्यालयीन स्तरावर अलंकार शिकवताना लुप्तोपमेची उदाहरणे ओळखण्यापुरता अभ्यास न थांबवता लोप पावलेले अंग किती प्रकारे भरता येते याचा सराव दिल्यास शास्त्र आणि व्यवहार यांतील अंतर कमी होईल. अध्यापक विद्यालयांतील भाषापद्धतीच्या अभ्यासक्रमातही याला स्थान मिळू शकते.

८. समारोप

समसंबंधाचा प्रश्न टाकाऊ नाही. तो आपल्या परंपरेतील एका समृद्ध खेळाचा संकोच झालेला अवशेष आहे. उपमेने गाळलेल्या अंगातून अर्थ वाढवला, कोड्याने चुकलेल्या उत्तरातून ज्ञान दिले, उखाण्याने ठरलेल्या शब्दापर्यंत हजार वाटा काढल्या आणि दृष्टान्तपाठाने नाते उच्चारून दाखवले. चाचणीने या साऱ्यातून केवळ रिकामी चौकट उचलली. त्या चौकटीत काय बसते हे विचारताना ते तेथे का बसते हे विचारणे सुटले, आणि ज्यांच्या अनुभवातून ते बसत नाही त्यांना आपण मागे ठेवले. कुरवंड्याच्या कड्यावर नाग पाहणारा आणि नाक पाहणारा, दोघेही साधर्म्य जाणतात. दोघांनाही 'कसे?' असे विचारणारा अध्यापक वर्गात असला तर चौथ्या पदाची मालकी उत्तरसूचीकडे राहणार नाही.